प्रबंध घरच्या मातीत : ‘कोडेस्रिया’ची पन्नास वर्षे

प्रबंध लिहायला बुद्धी लागते, चिकाटी लागते, हे सगळेच सांगतात. त्याखेरीज बसभाडेही लागते. आडगावात चार महिने मुक्काम करायचा तर डोक्यावर छप्पर लागते, मुलाखती घ्यायला स्थानिक बोली जाणणारा सोबती लागतो. पुस्तके लागतात. शेवटी सगळे टंकलिखित करून, बांधून, प्रती विद्यापीठात दाखल करायच्या म्हणजे पुन्हा पैसा. आफ्रिकेतल्या कित्येक गुणी विद्यार्थ्यांचे प्रबंध असल्या किरकोळ वाटणाऱ्या खर्चापायी अडले. डाकारच्या ‘कोडेस्रिया’ने प्रबंधलेखनासाठी छोटी अनुदाने सुरू केली. तिच्या पत्रकात नेमके हेच खर्च मांडलेले असत : क्षेत्रकार्य, पुस्तके व कागदपत्रे मिळवणे, जमवलेल्या माहितीची छाननी आणि प्रबंधाची छपाई. ज्याने स्वतः प्रबंध लिहिला आहे, त्यानेच तयार केलेली ही यादी आहे हे वाचताक्षणी कळते.

‘कोडेस्रिया’ हे संक्षिप्त नाव. मूळ नाव मराठीत सांगायचे तर आफ्रिकेतील आर्थिक व सामाजिक संशोधन विकास परिषद. सेनेगलची राजधानी डाकार येथे १९७३ साली ती स्थापन झाली आणि २०२३ साली तिला पन्नास वर्षे पूर्ण झाली. ती कोणत्याही एका सरकारच्या मालकीची नाही. इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज आणि अरबी अशा चार भाषांतून तिचा व्यवहार चालतो. सभासद वर्गणी भरतात, सर्वसाधारण सभेला जमतात, आणि खंडाच्या पाचही उपविभागांना प्रतिनिधित्व मिळेल अशी कार्यकारिणी निवडतात. संस्थेच्या कारभाराची ही रीत मराठी वाचकाला परकी वाटू नये.

आपल्याकडे १९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक. दोघेही मराठी. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाने आपल्या समाजाचा अभ्यास आपल्या पैशाने आणि आपल्या प्रश्नांवर केला पाहिजे, ही तळमळ त्या कामामागे होती. चार वर्षांनी डाकारमध्ये तीच तळमळ दिसते. गाडगीळ-नाईकांच्या पाठीशी एका देशाची तिजोरी होती. डाकारकरांना अख्ख्या खंडासाठी उभे राहायचे होते आणि तिजोरी कोणाचीच नव्हती.

साठचे दशक : पदवी परक्या मुलखाची

आफ्रिकेतील बहुतेक विद्यापीठांचा आरंभ कुठल्या तरी युरोपीय विद्यापीठाच्या छायेत झाला. नायजेरियातील इबादान आणि गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामधील लेगोन, येथील महाविद्यालये १९४८ ची. युगांडातील मकरेरे त्याहून जुने, १९२२ चे; पण १९४९ पासून तेही लंडन विद्यापीठाशी जोडलेले. पदवी लंडनची मिळे. डाकारचे विद्यापीठ १९५७ साली फ्रेंच व्यवस्थेचाच एक भाग म्हणून उभे राहिले. १९६० साली काँगो स्वतंत्र झाला तेव्हा तिथले पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते.

अशा स्थितीत पीएच.डी. करायची म्हणजे बोटीत किंवा विमानात बसायचे. विषय परदेशी मार्गदर्शकाला उमजेल असा घ्यायचा. आपल्याच देशाची जुनी कागदपत्रे लंडन, पॅरिस किंवा लिस्बनच्या अभिलेखागारात बसून वाचायची. परत आल्यावर शेजारच्या देशातला अभ्यासक काय करतो आहे याचा पत्ता नसे. डाकारहून अक्राला दूरध्वनी लावायचा तर तो पॅरिस-लंडनमार्गे जाई, असे त्या काळातले लोक सांगत. विद्वत्तेचा रस्ताही तोच होता. आफ्रिकेतील संशोधन संस्थांच्या संचालकांची जी बैठक पुढे या परिषदेचे बीज ठरली, तीसुद्धा १९६४ साली इटलीतील बेलाजिओ येथे भरली होती. एकमेकांना भेटण्यासाठी दुसऱ्या खंडात जावे लागते, ही गोष्ट त्या संचालकांच्या मनाला लागली असणार. पुढची आठ-नऊ वर्षे बैठका, पत्रव्यवहार आणि मसुदे यांत गेली.

सत्तरचे दशक : भाड्याच्या नव्हे, स्नेहाच्या जागेत

डाकारमध्ये संयुक्त राष्ट्रांची ‘इडेप’ ही आर्थिक विकास व नियोजन प्रशिक्षण संस्था होती आणि १९७० पासून तिचे संचालक होते समीर अमीन. कैरोत जन्मलेला, पॅरिसमध्ये शिकलेला हा अर्थशास्त्रज्ञ जगाच्या बाजारात गरीब देश गरीबच का राहतात या प्रश्नाने झपाटलेला होता. नव्या परिषदेला त्यांनी ‘इडेप’मध्ये जागा दिली आणि पहिले कार्यकारी सचिवपदही स्वतः सांभाळले. एका नव्या, निष्कांचन संस्थेला टेबल, टपाल आणि ग्रंथालय मिळाले. आरंभीच्या वर्षांत याहून मोठे दान दुसरे नव्हते.

१९७५ मध्ये केनियाचे अब्दल्ला बुजरा यांनी सूत्रे हाती घेतली आणि दहा वर्षे सांभाळली. बुजरा मानववंशशास्त्रज्ञ. दक्षिण अरबस्तानातील एका गावाच्या समाजरचनेवरचा त्यांचा ग्रंथ अभ्यासकांना परिचित आहे. गाव कसे वाचायचे हे जाणणाऱ्या या माणसाने खंडभर विखुरलेल्या संस्थांची मोट बांधली. १९७६ साली ‘आफ्रिका डेव्हलपमेंट’ हे नियतकालिक सुरू झाले. इंग्रजी आणि फ्रेंच लेख एकाच अंकात, शेजारी शेजारी. आज हे साधे वाटेल. पण नैरोबीच्या प्राध्यापकाला आबिजानमधल्या प्राध्यापकाचे लिखाण त्याच्याच खंडातल्या नियतकालिकातून वाचायला मिळणे, ही त्या वेळी नवलाई होती.

या दशकातल्या कामाचे श्रेय एकट्यादुकट्याला देता येणार नाही. हस्तलिखिते टपालाने येत, परीक्षकांकडे जात, पुन्हा दुरुस्त होऊन येत. मधल्या काळात एखाद्या देशात सत्तापालट झालेला असे आणि लेखकाचा पत्ता बदललेला असे. भाषांतरकार, टंकलेखक, टपाल सांभाळणारे, ग्रंथपाल यांची नावे मुखपृष्ठावर येत नाहीत. ज्या संस्थेचा सगळा व्यवहार अनेक भाषांतून चालतो, तिचा कणा भाषांतरकारच असतात, हे इथे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

ऐंशीचे दशक : रिकामी कपाटे आणि छोटे अनुदान

हे दशक आफ्रिकेतल्या विद्यापीठांना फार जड गेले. कच्च्या मालाचे भाव पडले, कर्जे वाढली, आणि कर्ज देणाऱ्यांनी ‘संरचनात्मक समायोजन’ या नावाखाली सरकारी खर्चाला कात्री लावायला सांगितले. चलनांचे अवमूल्यन झाले. प्राध्यापकाचा पगार महिनाअखेर सोडाच, पहिल्या आठवड्यालाही पुरेना. माणसे शेती करू लागली, टॅक्सी चालवू लागली, आणि ज्यांना शक्य होते ती देश सोडून गेली. उच्च शिक्षणावर खर्च करून गरीब देशांना फारसा लाभ होत नाही, असा जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांचा त्या काळातला हिशेब होता. १९८६ साली हरारे येथे कुलगुरूंच्या बैठकीत तो ऐकवला गेला, हे आफ्रिकी प्राध्यापकांनी पुन्हा पुन्हा लिहून ठेवले आहे. प्राथमिक शाळा हव्यातच. पण त्या शाळांच्या शिक्षकांना शिकवणारा, त्यांची पुस्तके लिहिणारा कुठून यायचा, याचे उत्तर त्या हिशेबात नव्हते.

त्या काळच्या विद्यापीठ-ग्रंथालयातले नियतकालिकांचे एखादे कपाट डोळ्यांसमोर आणावे. साठ आणि सत्तर सालांचे खंड ओळीने, कापडी बांधणीतले. ऐंशीनंतर ओळ विरळ होते. एखाद्या वर्षाचे दोनच अंक. मग वर्गणीचे परकीय चलन मंजूर झाले नाही, आणि तिथून पुढे फळी मोकळी. १९८८ मध्ये नाव नोंदवलेल्या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या विषयात दहा वर्षांत काय घडले हे समजायची सोय नाही. त्याचा मार्गदर्शक परदेशी निघून गेलेला, आणि मागे राहिलेल्या एकाच प्राध्यापकाकडे भाराभर विद्यार्थी. हा विद्यार्थी हुशार नव्हता असे कोण म्हणेल?

अशा वेळी परिषदेची धुरा थंडिका मकांदवीरे यांच्याकडे आली. मलावीच्या स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेला हा तरुण पत्रकार शिकायला म्हणून बाहेर गेला. स्वतंत्र मलावीचे अध्यक्ष बांडा यांच्या राजवटीने त्याला परत येऊ दिले नाही. जवळपास तीन दशके ते मायदेशाबाहेर राहिले, स्वीडनने त्यांना आसरा दिला. स्वतःला घर नाकारले गेलेल्या माणसाने खंडातल्या विद्वानांसाठी डाकारमध्ये घर उभे केले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

मकांदवीरे यांनी पुढे एका टिपणात आफ्रिकी अध्यापकांच्या तीन पिढ्या सांगितल्या. पहिली परदेशात शिकली आणि उमेदीने परत आली. दुसरी परदेशात शिकली आणि बरीचशी तिकडेच राहिली. तिसरी मायदेशीच, अत्यंत ओढगस्तीत शिकली. या तिसऱ्या पिढीला कोणीच वाली नव्हता. परदेशी शिष्यवृत्ती देणाऱ्यांचे लक्ष जे बाहेर जातील त्यांच्याकडे. सरकारकडे पैसा नाही. परिषदेने ठरवले की आपले बळ याच पिढीमागे लावायचे. प्रबंधासाठीची छोटी अनुदाने या निर्णयातून आली. आफ्रिकेतल्याच विद्यापीठात नाव नोंदवलेले असणे ही पहिली अट. निवड करणारेही आफ्रिकेतलेच अभ्यासक. रक्कम छोटी, पण नायजेरियाच्या किंवा टांझानियाच्या घसरलेल्या चलनात तीच एका वर्षाचे क्षेत्रकार्य भागवून जाई. माझ्या मते पन्नास वर्षांतले परिषदेचे सर्वांत मोठे काम हेच. मोठाले ग्रंथ इतर संस्थाही काढतात.

अनुदानाबरोबर आणखी एक गोष्ट मिळत असे आणि तिचे मोल पैशाहून जास्त होते. अर्ज वाचणाऱ्या परीक्षकाचे अभिप्राय. लुसाकातल्या विद्यार्थ्याचा आराखडा कंपालातल्या किंवा इबादानमधल्या जाणत्याने वाचला, कुठे ढिला आहे ते सांगितले, की घरचा मार्गदर्शक नसल्याची थोडी भरपाई होई. १९८३ साली सुरू झालेल्या ‘कोडिस’ या प्रलेखन व माहिती केंद्राचाही इथे मोठा हातभार लागला.

याच दशकात बहुराष्ट्रीय कार्यगटांची पद्धत रुजली. दहा-बारा देशांतले अभ्यासक एका प्रश्नावर काही वर्षे काम करत, मसुदे एकमेकांपुढे मांडत, आणि मग ग्रंथ निघे. सामाजिक चळवळी आणि लोकशाही या विषयावरचा महमूद ममदानी आणि एर्नेस्ट वांबा दिया वांबा यांनी संपादित केलेला मोठा ग्रंथ याच रीतीने, दीर्घ परिश्रमाने १९९५ साली आला.

नव्वदचे दशक : कंपाला

नोव्हेंबर १९९० मध्ये कंपाला येथे परिषदेने विद्याविषयक स्वातंत्र्य आणि विचारवंतांची सामाजिक जबाबदारी यांवर परिसंवाद भरवला. खंडभरचे अध्यापक आले. त्या वर्षी मे महिन्यात झाईरमधील लुबुंबाशी विद्यापीठात सैनिकांनी विद्यार्थ्यांची कत्तल केली होती. ती जखम ताजी होती. २९ नोव्हेंबरला कंपाला जाहीरनामा मंजूर झाला. त्यात अध्यापकाला विचार मांडण्याचे, हिंडण्याफिरण्याचे, संघटनेचे स्वातंत्र्य मागितले आहे. त्याच्याच बरोबरीने, संशोधन संस्था आणि उच्च शिक्षण यांना पुरेसा आणि अखंड निधी देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असेही बजावले आहे. स्वातंत्र्य आणि निधी एकाच कागदावर आणणे ही या जाहीरनाम्याची खरी ताकद. उपाशी संशोधक मुक्त असू शकत नाही, आणि बांधलेल्या संशोधकाला पैसा देऊन उपयोग नाही. जाहीरनाम्याला दोन आठवडे होतात न होतात तोच, डिसेंबरात कंपालातल्याच मकरेरे विद्यापीठात पोलिसांच्या गोळीबारात दोन विद्यार्थी दगावले. जाहीरनामा किती गरजेचा होता हे यावरून दिसते.

या परिसंवादातून निघालेला ग्रंथ सेनेगलचे इतिहासकार ममादू दिऊफ आणि युगांडाचे महमूद ममदानी यांनी संपादित केला. ममदानींचा जन्म १९४६ चा, मुंबईतला, वाढले कंपालात. १९७२ साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई वंशाच्या लोकांना हाकलले, त्यात तेही गेले, आणि पुढे परत येऊन त्यांनी कंपालातच मूलभूत संशोधनाचे केंद्र काढले. १९९८ ते २००२ या काळात ते परिषदेचे अध्यक्ष होते. मुंबईत जन्मलेला माणूस आफ्रिकेच्या विद्वत्सभेचा अध्यक्ष होतो, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

कंपालानंतर दडपशाहीच्या नोंदी ठेवण्याचे काम परिषदेने अंगावर घेतले. विद्यास्वातंत्र्याच्या स्थितीवर १९९६ मध्ये स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध झाला. तुरुंगात टाकलेले, नोकरीवरून काढलेले, युद्धामुळे परागंदा झालेले सहकारी यांच्यासाठी परिषद धावून गेली. १९९४ च्या रवांडातील संहारानंतर तर ही जबाबदारी फारच वाढली.

त्याच १९९४ च्या जानेवारीत, डाकारमध्येच, सेनेगलच्या सीएफए फ्रँक या चलनाचे मूल्य निम्म्यावर आणल्याची घोषणा झाली. फ्रान्समध्ये छापलेल्या पुस्तकाची किंमत सेनेगलच्या विद्यार्थ्यासाठी एका रात्रीत दुप्पट झाली. काल दोन पुस्तकांचे पैसे खिशात घेऊन निघालेला आज एक घेऊन परत यायचा. छोट्या अनुदानातला पुस्तकांचा भाग किती मोलाचा होता, ते या दिवसांत कळले.

या दशकात नावातही बदल झाला. आर्थिक व सामाजिक संशोधनाऐवजी ‘सामाजिक विज्ञान संशोधन’ असे शब्द आले. संक्षिप्त नाव मात्र सर्वांच्या तोंडी बसलेले, ते तसेच राहिले. स्त्री-अभ्यासाला हक्काची जागा मिळाली. १९९१ मधील कार्यशाळेतून आयेशा इमाम, अमिना मामा आणि फातू सो यांनी संपादित केलेला ग्रंथ १९९७ मध्ये आला. लोकशाही शासन आणि स्त्री-पुरुष संबंध या विषयांवरील वार्षिक ‘इन्स्टिट्यूट’ सुरू झाल्या. दरवर्षी काही आठवडे तरुण संशोधक डाकारला एकत्र राहत, वाचत, आपले लिखाण सगळ्यांपुढे ठेवत. बेनिनचे तत्त्वज्ञ पोलँ हूनतोंजी यांनी संपादित केलेला देशी ज्ञानपरंपरांवरचा ग्रंथ परिषदेने याच काळात काढला. आफ्रिकेने माहिती गोळा करून पाठवायची आणि सिद्धांत दुसरीकडे तयार व्हायचे, या व्यवस्थेवर हूनतोंजींनी जन्मभर बोट ठेवले.

१९९६ मध्ये मकांदवीरे यांच्यानंतर कामेरूनचे अशील म्बेम्बे कार्यकारी सचिव झाले. नव्या विचारांचे वारे आले, चर्चा रंगल्या. अशा विद्वत्सभेत मतभेद व्हायचेच. सभासदांनी ते सभेत मांडले आणि संस्था पुढे गेली.

एकविसाव्या शतकाचे पहिले दशक : कार्यशाळा आणि नियतकालिके

२००१ पासून नायजेरियाचे अदेबायो ओलुकोशी यांनी आठ-नऊ वर्षे संस्थेचा व्याप वाढवला. सर्वसाधारण सभा आता डाकारबाहेर भरू लागल्या : २००२ मध्ये कंपाला, २००५ मध्ये मापुतो, २००८ मध्ये याऊंदे. मोझांबिकच्या तेरेसा क्रूझ ए सिल्वा अध्यक्ष झाल्या आणि पोर्तुगीज भाषक देशांचा आवाज परिषदेत ठळक झाला. ‘आफ्रिका डेव्हलपमेंट’च्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, आंतरराष्ट्रीय संबंध, उच्च शिक्षण या विषयांची नियतकालिके आली. कोलंबोच्या वांशिक अभ्यास केंद्राबरोबर काढलेले आफ्रो-आशियाई संवादाचे नियतकालिक आणि लॅटिन अमेरिकेतल्या ‘क्लाक्सो’ या भगिनी परिषदेबरोबरचे उपक्रम हेही याच काळातले. उत्तरेला न विचारता दक्षिणेने दक्षिणेशी बोलावे, हा समीर अमीन यांचा आग्रह होता. तो इथे कामाला आला.

संशोधक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरल्या त्या संशोधनपद्धतीच्या कार्यशाळा. पीएच.डी.च्या वाटेवर सर्वांत अवघड टप्पा आराखड्याचा. प्रश्न काय, तो कोणत्या रीतीने सोडवणार, पुरावा कशाला म्हणणार? चांगला विभाग असेल तर हे आपोआप अंगी मुरते. वरिष्ठांच्या गप्पांतून, चर्चासत्रांतून, चहाच्या टेबलावर. विभागच मोडकळीस आला असेल तर हे कुठे शिकायचे? उपप्रदेशवार भरणाऱ्या कार्यशाळेत वेगवेगळ्या देशांतले विद्यार्थी आपापला आराखडा घेऊन येतात. एकाने आकडेवारीच्या जोरावर केलेले विधान दुसरा क्षेत्रकार्याच्या अनुभवाने तपासतो. फ्रेंच परंपरेत वाढलेल्याला इंग्रजी परंपरेतले संदर्भ पहिल्यांदा कळतात आणि उलटही. घरी परतताना आराखडा बदललेला असतो.

दरम्यान जगाचे मतही फिरले. उच्च शिक्षणाकडे दुर्लक्ष झाले, ही चूक होती असा सूर २००० साली जागतिक बँकेच्या सहभागाने निघालेल्या अहवालातच उमटला. चार मोठ्या अमेरिकी प्रतिष्ठानांनी त्याच वर्षी आफ्रिकेतील विद्यापीठांसाठी एकत्र येऊन निधी उभारला. पुढे आणखीही सामील झाली. पण पैसा आला तो बाजाराच्या अटी घेऊन. फी भरणाऱ्या विद्यार्थ्यांवर चालणाऱ्या मकरेरेचे काय झाले, हे ममदानींनी २००७ च्या ग्रंथात सविस्तर दाखवले. तो ग्रंथ परिषदेनेच छापला. वर्ग तुडुंब भरले आणि संशोधन मागे पडले.

ओलुकोशी पुढे ‘इडेप’चे संचालक झाले. ज्या संस्थेने परिषदेला पहिला निवारा दिला, तिची धुरा परिषदेत घडलेल्या माणसाकडे आली.

दुसरे दशक : सल्लागारीची वाळवी

२००९ मध्ये गांबियाचे एब्रिमा साल आणि २०१७ मध्ये केनियाचे इतिहासकार गॉडविन मुरुंगा कार्यकारी सचिव झाले. झिंबाब्वेचे सॅम मोयो, मोरोक्कोच्या फातिमा हराक, घानाच्या झोझी त्सिकाता आणि मोझांबिकच्या इसाबेल काझिमिरो यांनी क्रमाने अध्यक्षपद भूषवले. जमीनसुधारणांचा अभ्यास करणारे मोयो नोव्हेंबर २०१५ मध्ये एका परिसंवादासाठी दिल्लीला आले असता मोटार अपघातात गेले. भारतातल्या शेतीच्या अभ्यासकांशी त्यांचा जिव्हाळा होता. तो दुवा अवचित तुटला.

या दशकातला मुख्य आजार पैशाच्या अभावाचा नाही, पैशाच्या जातीचा आहे. मदतसंस्थांना तीन महिन्यांत अहवाल हवा असतो. प्रश्न त्यांचा, मुदत त्यांची, मोबदला विद्यापीठाच्या पगाराहून कितीतरी अधिक. प्राध्यापक अहवाल लिहू लागतो. त्याचा विद्यार्थी प्रश्नावल्या भरून आणतो आणि त्यालाच संशोधन समजू लागतो. ममदानींनी या सल्लागारी संस्कृतीवर कडक टीका केली आणि मकरेरेच्या सामाजिक संशोधन संस्थेत २०१२ पासून अभ्यासक्रमासह चालणारा पूर्णवेळ पीएच.डी. कार्यक्रम उभारला. आधी वाचन, मग प्रश्न, मग प्रबंध. परिषदेने आपल्या परीने याच दिशेने पावले टाकली. ज्येष्ठ अभ्यासकांची मार्गदर्शक-मंडळी उभी केली आणि परदेशी स्थायिक झालेल्या आफ्रिकी प्राध्यापकांना मायदेशीच्या संशोधक विद्यार्थ्यांशी जोडले. मकांदवीरे यांच्या दुसऱ्या पिढीने अशा रीतीने तिसऱ्या-चौथ्या पिढीचा हात धरला.

या कामात परिषद एकटी राहिली नाही, ही समाधानाची गोष्ट. अर्थशास्त्रासाठी नैरोबीचे संशोधन मंडळ १९८८ पासून उभे आहे आणि २००२ पासून अनेक विद्यापीठांच्या सहकार्याने पीएच.डी. चालवते. आरोग्यशास्त्रात ‘कार्टा’, शेतीत ‘रुफोरम’, गणितात ‘एम्स’ अशा जोडण्या झाल्या. मार्च २०१५ मध्ये सोळा विद्यापीठांचा संशोधन संघ स्थापन झाला, तोही डाकारमध्येच.

सध्या

मार्च २०२० मध्ये मकांदवीरे गेले. समीर अमीन २०१८ मध्येच गेले होते. महासाथीच्या काळात क्षेत्रकार्य थांबले, बैठका पडद्यावर झाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये डाकार येथे सुवर्णमहोत्सवी वर्षाची सोळावी सर्वसाधारण सभा भरली.

निधीची चिंता मात्र कायम आहे. स्वीडन, नॉर्वे, कॅनडा यांच्या सार्वजनिक संशोधन-मदतीने आणि फोर्ड, कार्नेगी यांसारख्या प्रतिष्ठानांनी परिषदेला दीर्घकाळ साथ दिली. यजमान सेनेगलनेही दिली. त्या सर्वांचे ऋण आहे. पण दूरच्या राजधानीत सरकार बदलले की इथला प्रबंध अडतो. २०२५ साली अमेरिकेने ‘यूएसएड’ गुंडाळली, तेव्हा अनेक विद्यापीठांना हाच अनुभव आला. सकल देशांतर्गत उत्पादनाचा एक टक्का संशोधनावर खर्च करू, असे आफ्रिकी देशांच्या प्रमुखांनी २००७ साली जाहीर केले; बहुतेक देश आजही तिथपासून दूर आहेत. तो एक टक्का देण्याची जबाबदारी आता आफ्रिकेतल्या सरकारांचीच आहे. आराखडे तपासणारी माणसे, कार्यशाळा, नियतकालिके, हे सगळे पन्नास वर्षांत उभे राहिलेले आहे.

‘आफ्रिका डेव्हलपमेंट’चे अंक आणि परिषदेची पुष्कळशी पुस्तके आज संगणकावर विनामूल्य वाचता येतात. शेतजमीन, स्थलांतर, विद्यापीठांची फी, कंत्राटी प्राध्यापक अशा विषयांवर महाराष्ट्रात किंवा गोव्यात जे प्रबंध लिहिले जात आहेत, त्यांच्या संदर्भसूचीत लंडन आणि न्यूयॉर्कची नावे भरपूर असतात. मार्गदर्शकांना विनंती आहे की पुढच्या आराखड्याच्या वेळी विद्यार्थ्याला डाकारची सूचीही उघडायला सांगावी.